उजव्या हाताची नाडी

आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला, की गमरे सर त्याला पहिल्या दिवशी चहा पाजत. चहा संपला की आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवत आणि म्हणत, "जरा नाडी बघा बरं."

मीही बघायला गेलो. अंगठ्याच्या बाजूला चाचपलं, मग मधोमध, मग थोडं वर कोपराकडे. हात गार होता आणि डाव्यापेक्षा चांगलाच बारीक, तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा असावा तसा. नाडी कुठेच लागेना. माझा चेहरा पडला तसा सरांनी हात उचलून खिशात घातला आणि शांतपणे म्हणाले, "नाही सापडायची. तिची बदली झालीय." आधी फसलेले सगळे शिक्षक खो खो हसले, मीही हसलो. पुढे सहा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. आज त्यांच्याबद्दल लिहायला घेतलं, तर लेखणी उचलताच मला माझीच लाज वाटते. ती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत नको.

मी महाडचा. ऐंशीच्या आगेमागे पोलादपूरच्या एका हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून लागलो आणि रोज एस.टी.ने ये-जा करू लागलो. सुदाम गमरे तिथे माझ्या आधी दोन वर्षं भूगोल शिकवत होते. गावात खोली घेऊन एकटेच राहत. त्यांची वाडी, म्हणजे बौद्धवाडी, घाटाच्या बाजूला एका फाट्यावरून वर चढून होती आणि तो चढ त्यांना रोजचा झेपणारा नव्हता.

नाडीच्या बदलीची गोष्ट त्यांनी मला हप्त्याहप्त्याने सांगितली. जन्मतःच हृदयाचा एक कप्पा बंद. दूध पितानाही पोर निळं पडायचं. ओठ आणि नखं जांभळं खाल्ल्यासारखी. वाडीत नाव पडलं निळ्या. "पुढे झेंडाही निळाच मिळाला," सर म्हणत, "म्हणजे नाव वाईट नव्हतं." त्यांचे वडील, आबा, त्यांना पाठुंगळी घेऊन खाली रस्त्याला आणत आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेत. नवव्या वर्षी डॉक्टरांनी उजव्या हाताला जाणारी मोठी नस तोडली आणि छातीतल्या छातीत फुप्फुसाच्या नसेला जोडली. हात आजूबाजूच्या बारक्या नसांवर जगला, मनगटातला ठोका मात्र कायमचा थांबला. पंचविशी उलटल्यावर दुसरं ऑपरेशन झालं, ते तेव्हा आपल्याकडे नवंच निघालेलं. गळ्याखालपासून पोटापर्यंत उभी शिवण. त्यानंतर ओठ पहिल्यांदा गुलाबी झाले. "आरशात बघून मीच लाजलो," ते सांगत. "वाटलं, झोपेत कोणीतरी रंगवून गेलं."

एकदा सर्दीसाठी मी त्यांना महाडच्या एका जुन्या वैद्यांकडे घेऊन गेलो. वैद्यबुवांचा सगळा भरवसा नाडीवर. रोग्याने तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी डोळे मिटून सरांचा उजवा हात धरला. बराच वेळ गेला. भुवया वर गेल्या, एक डोळा उघडला, सर जिवंत आहेत याची खात्री करून पुन्हा मिटला. कपाळावर घाम दिसू लागला तसे सर अदबीने म्हणाले, "बुवा, नक्की कधी गेलो म्हणायचं मी?" काढ्याची पुडी न घेताच आम्ही पायऱ्या उतरलो. सर हसता हसता दम लागून खांबाला टेकले आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त हसलो.

स्टँडपासून आमची शाळा जेमतेम पाच मिनिटांची, पण चढाची. सरांबरोबर तीच वाट वीस मिनिटांची व्हायची, कारण दर तीस-चाळीस पावलांवर त्यांना काहीतरी दाखवण्यासारखं सापडे. "हा दगड बघा. काळा आहे, पण आत ही भोकं कशी? लाव्हा थंड होताना त्यातला वायू सुटला, त्याच्या या खुणा." मग पुढे एक वारूळ, मग ओढ्याने कापलेली दरड, मग पुन्हा एक दगड. पोरं कोंडाळं करून ऐकत. आमच्या शाळेतली मुलं दगडांच्या बाबतीत तालुक्यात हुशार निघाली, ती यामुळे. ते सगळे दगड बहाणे होते, माणूस नुसता दम खात होता, हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षं लागली. मी भाषा शिकवणारा, दुसऱ्याच्या वाक्यातला गर्भितार्थ ओळखायचे मार्क मुलांना देणारा!

उजव्या हातात जोर नसल्याने ते फळ्यावर डाव्या हाताने लिहीत. थंडीत उजवा हात इतका गार पडे, की एखाद्या रविवारी ते सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर जात आणि नुसता तो एक हात पाण्यात बुडवून बसत. लोक तिथे सांधे शेकायला येत. कोणी विचारलं, की सर म्हणत, "याला आंघोळ घालायला आणलाय."

पण त्यांचा खरा जीव सावित्री नदीत. दर वर्षी पावसाळ्यात ते नववीच्या मुलांना दासगावला नेत. खाडीच्या काठाला चुन्याच्या रेघा मारलेला बांबू रोवायचा आणि भरती चढताना दर पाव तासाने एकेका मुलाने पाणी कुठवर आलं ते वाचायचं. मुलांशी बोलताना ते पुस्तकी भाषा सोडून वाडीच्या भाषेवर येत.

"महाड पावसानं बुडत नाय रे," ते सांगत. "पावसाचं पाणी सावित्री मुकाट घेऊन येते. पण इथं दासगावला भरती उभी असली, की तिला पुढं जागा नाय. मग ती मागं फिरते आणि बाजारपेठेत शिरते. चूक महाडची नाय, नदीची पण नाय. पुढचं दार लागलेलं हाय, म्हणून मागचं घर भरतं. समजलं?"

पोरं एका सुरात "समजलं" म्हणत. तेव्हा मलाही वाटलं, आपल्याला समजलं.

अशाच एका सहलीहून परतताना मुलांची एस.टी. पुढे गेली आणि सर माझ्याबरोबर महाडला उतरून आमच्या घरी आले. आई चहा घेऊन बाहेर आली. मला कपबशी आणि सरांना कोनाड्यातला कान तुटलेला कप. तो कप कोणासाठी ठेवलेला असतो हे आमच्या आळीत कोणाला सांगावं लागत नसे. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी चहा बशीत ओतला. सरांनी चहा प्यायला, पडवीतल्या हंड्यातून पाणी घेऊन कप विसळला आणि आपणहून कोनाड्यात जागच्या जागी ठेवला.

वाटेला लागल्यावर तेच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरीही असा एक कप आहे. कानसुद्धा तुटलेला. फक्त तो जातीचा नाही, पिण्याचा आहे."

मग त्यांनी आबांची हकिगत सांगितली. आबा तरुणपणी भरपूर प्यायचे. दीक्षा घेतली त्या दिवशी घरी आले, दारूचं मडकं अंगणात फोडलं आणि नियम केला, की पिणाऱ्याच्या तोंडाला या घरचं भांडं लागणार नाही. पाहुणा असो, जावई असो, पिणारा असेल तर त्याने अंगणात बसायचं आणि त्या कपातून प्यायचं. "आमचा एक मामा बारा वर्षं त्या कपातून चहा पितोय," सर म्हणाले. "त्याला आता कानवाला कप धरताच येत नाही." ते सांगताना त्यांच्या आवाजात बापाचा अभिमान होता.

मी विनोदाला हसलो. माझ्या आईबद्दल दोन शब्द बोलायला हवे होते, ते बोललो नाही. इथूनच माझी सवय सुरू झाली म्हणायची.

मला तिथे पाचवं वर्ष संपत आलं असताना सरांचं पोट वाढू लागलं. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढे. पायांवर सूज, चपलेचा अंगठा तुटायचा. डोळे पिवळे. शर्टाचं वरचं बटण उघडं असलं, की गळ्याखाली कोळ्याच्या पायांसारख्या लाल बारीक नसा दिसत. तासाला मध्येच पेंग येई. खडू धरलेला हात थरथरे. एकदोनदा व्हरांड्यात त्यांचा तोल गेला आणि पोरांनी धरलं. आणि तोंडाला एक वास येऊ लागला.

एवढं सगळं एका माणसात दिसल्यावर गावाला आणखी काय हवं? आमच्या तालुक्यात 'लिव्हर' हा अवयव नव्हता, तो आरोप होता. 'त्याचं लिव्हर गेलं' म्हणजे तो पितो, आणि 'त्याला वास मारतो' म्हणजे तो आत्ताच पिऊन आलाय. दुसरा अर्थ कोणाला माहीतच नव्हता. पोरं सरांच्या मागून झुलत चालून दाखवू लागली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकाने त्यांना 'भरती-ओहोटी' नाव ठेवलं. त्या नावाला मीही हसलो. ते नाव ठेवणारा मीच होतो का, हे आता नीट आठवत नाही. बहुधा मीच असेन.

त्याच सुमारास शाळेत पर्यवेक्षकाची जागा निघाली. सेवाज्येष्ठतेने ती गमरे सरांची. त्यांच्यामागे माझा नंबर. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण चौकशीच्या वेळी कोणी ते मोठ्याने म्हटलं नाही आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

चौकशी लागली ती रक्तामुळे. एका सकाळी दुसऱ्या तासाला सरांनी फळ्याला हात टेकला आणि बादलीभर रक्त ओकले. आठवीची मुलं किंचाळत बाहेर आली. जीपमधून त्यांना महाडला आणि तिथून मुंबईला नेलं. तीन आठवड्यांनी ते परत आले, आणखी सुकून. तोवर गावाचा निकाल लागलेला होता. बेवड्याचा शेवट असाच होतो, नसा फुटतात, हे पानवाल्यापासून सगळ्यांना माहीत.

मुख्याध्यापकांच्या खोलीत संस्थेचे सचिव बसले होते. बाजूला मुख्याध्यापक, मी आणि एक ज्येष्ठ शिक्षक. गमरे सर समोर उभे. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

"गमरे, घेता का?" सचिवांनी विचारलं.

"नाही साहेब. आयुष्यात नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"माझ्याकडे कागद आहे." सरांनी डाव्या हाताने खिशातून घडी काढून पुढे केली. "मुंबईच्या डॉक्टरांचा."

सचिव अक्षर लावत वाचू लागले. दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "सिऱ्होसिस... ऑफ... लिव्हर." त्यांनी चष्मा काढला. "अहो, हे तर तुम्ही स्वतःच लिहून आणलंत! आता आम्ही आणखी काय पुरावा शोधायचा?"

"पूर्ण वाचा साहेब. त्याच्या आधी एक शब्द आहे."

सचिवांनी कागद माझ्याकडे सरकवला. "गुरुजी, तुम्ही बघा. आमचं इंग्रजी बेताचं."

मी वाचलं. टाइप केलेला कागद, अक्षर स्वच्छ. 'कार्डिअॅक सिऱ्होसिस'. कार्डिअॅक म्हणजे हृदयाचा, हे मला येत होतं. सिऱ्होसिस म्हणजे लिव्हर आक्रसून कडक होणं. म्हणजे लिव्हर गेलं होतं, पण हृदयापायी. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सर माझ्याकडे बघत होते. ते घाबरलेले नव्हते. उलट कागद माझ्या हातात आला तसा त्यांचा चेहरा सैल झाला, सुटलो आता, असा. मी त्यांच्या शेजारी बसणारा माणूस. त्यांच्या हाताला नाडी का नाही हे मला ठाऊक होतं.

मी कागदाची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "लिव्हरचंच आहे," मी म्हणालो.

"तुम्ही शेजारी बसता. वास येतो?"

"येतो."

वास येत होताच. पण तो दारूचा नव्हता. माझा सख्खा चुलता हातभट्टी पिऊन मेला, दारूचा वास मला झोपेतही ओळखता येतो. सरांच्या तोंडाचा वास गोडसर, कुबट, उतरलेल्या फणसासारखा होता. तो हातभट्टीचा नाही हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी एक अक्षरही खोटं बोललो नाही, आणि इतकं खोटं मी जन्मात कधी बोललो नाही.

नोकरी गेली नाही. आठवड्याभराने सेवापुस्तकात 'मद्यपानाबाबत सक्त ताकीद' असा शेरा पडला आणि पर्यवेक्षकाची जागा मला मिळाली.

त्या संध्याकाळी सर माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले. मी भराभर चालत होतो, त्यांना मागे टाकायला. त्यांनी हाक मारली, "अहो, हा दगड बघा." मला थांबावंच लागलं. ते दगडावर बसले. बराच वेळ नुसता श्वास घेतला.

"वास येतो हे खरं बोललात तुम्ही," ते म्हणाले. "मलासुद्धा येतो. लिव्हर रक्त साफ करेना झालं, की येतो म्हणतात."

मी खाली स्टँडकडे बघत होतो, गाडी लागली का ते.

"तुम्हाला सांगतो कसं झालं ते. दुसऱ्या ऑपरेशनात त्यांनी अंगातलं रक्त परस्पर फुप्फुसाकडे वळवलं. मध्ये पंप नाही. ते आपल्या उतारानं जातं. पण उतार कमी पडतो. पुढे दाटी झाली की रक्त मागे तुंबतं, आणि मागे पहिलं घर लिव्हरचं." ते हसले. "माझं लिव्हर म्हणजे आपलं महाड आहे हो. इतकी वर्षं भरती अंगावर घेतंय. मग पाणी मिळेल त्या वाटेनं जातं, बारक्या नसा फुगतात, त्यातली एखादी फुटते. डॉक्टर म्हणाले, हे ऑपरेशनच नवीन आहे, पुढे असं होईल हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, असू दे. ओठ गुलाबी झाले, नोकरी झाली, दासगावला एवढी पोरं नेली. ऑपरेशनवर माझा राग नाही."

माझ्यावर आहे का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. उठताना म्हणाले, "एक काम करा माझं. आबांना येऊन सांगा."

"काय?"

"की मी पीत नाही. तुमची साक्ष वाडीत पोचलीय. मास्तरांनीच सांगितलं म्हटल्यावर आबांनी खरं धरलं. माझं ते ऐकणार नाहीत. पिणारा कधी कबूल करतो का? कागद दाखवावा, तर त्यावर लिव्हर लिहिलंय आणि तेवढा एकच शब्द तिथे सगळ्यांना कळतो. शेऱ्याचं राहू द्या, जागेचं राहू द्या. तुम्ही फक्त या, आणि तुमच्या तोंडाने त्यांना सांगा."

"येतो," मी म्हणालो. "रविवारी येतो."

त्या रविवारी घरी पाहुणे होते. पुढच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी मला बरं नव्हतं, म्हणजे होतं. सोमवारी सर माझ्याकडे बघत, काही विचारत नसत, आणि मीच काहीतरी कारण सांगे. ते "बरं, पुढच्या" म्हणत. दिवाळीनंतर त्यांना खोलीवर एकट्याने राहणं जमेना. वाडीची मुलं आली आणि त्यांना डोलीत घालून वर घेऊन गेली. मी एकाही रविवारी गेलो नाही. शिमग्याच्या आधी निरोप आला, की गमरे सर वारले. पुन्हा रक्ताची उलटी झाली होती.

शाळेने अर्धा दिवस सुट्टी दिली आणि शोकसभा घेतली. भाषण कोणी करायचं? मराठीच्या शिक्षकाने. मी 'व्यासंगी', 'निगर्वी' आणि 'विद्यार्थिप्रिय' हे तीन शब्द वापरले. सचिवांनी रुमालाने डोळे पुसले. मुलांच्या शेवटच्या रांगेत एक मुलगा मान खाली घालून चुन्याची रेघ मारलेला बांबू धरून बसला होता, त्याच्याकडे मी पाहिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मी वाडीवर गेलो. आबा अंगणात बसून दोर वळत होते. सत्तरीचा ताठ म्हातारा. मला बघून उठले, सतरंजी टाकली.

"बसा मास्तर."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगून टाकलं, बसलो असतो तर पुन्हा गिळलं असतं. "आबा, सुदाम पीत नव्हता. कधीच नाही. ते हृदयाच्या ऑपरेशनामुळे झालं होतं. मला ठाऊक होतं. मी तेव्हा बोललो नाही."

आबांनी दोराचा पीळ सोडला नाही. वळता वळताच म्हणाले, "पितो म्हनून सांगनारे तुमीच, नाय म्हनून सांगनारे बी तुमीच. आमी कंच्या दिवसाचा मास्तर खरा मानायचा?"

त्यांनी वाटेकडे बोट केलं.

"पोर बोलायचं, आबा, मास्तर येनार हायत, ते सांगतील तुमाला. दर रविवारी वाटेकडं तोंड करून बसायचं. एक दिवस बोलला, आबा, मास्तर आले बघा. मी वळून बघितलं, तर वाटेवर कोन नाय. म्हटलं, चढलीय याला. म्हटलं, घरात बसून बी पितो की काय हा." दोराचा पीळ त्यांच्या हातातून सुटला. "शेवटाला पानी मागितलं त्यानं. मी त्या कपातनं दिलं, मास्तर. घरचा तांब्या नाय लावला त्येच्या तोंडाला."

आत घरात कोणीतरी बाई रडू लागली. आबांनी दोर बाजूला ठेवला, आत गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. लख्ख घासलेल्या पितळी तांब्यातून. मी ते पाणी प्यायलो. नाही म्हणण्याइतकीही लायकी उरली नव्हती.

आता शेवटचं. मी एकाही रविवारी गेलो नाही, असं वर लिहिलंय. ते खरं नाही. फसगत नको असं सुरुवातीला म्हणून मी हे इथवर लपवलं, कारण आबांनाही ते मी त्या दिवशी सांगू शकलो नाही.

माघातल्या एका रविवारी मी गेलो होतो. फाट्यावर उतरलो, वाट चढलो. काय बोलायचं ते गाडीत दहादा घोकलं होतं. शेवटच्या वळणावर घर दिसलं. आबा पायरीवर, माझ्याकडे पाठ करून दोर वळत होते. सर पायरीच्या खाली, अंगणाच्या कडेला, घोंगडीवर बसलेले, तोंड वाटेकडे. पोट एवढं, की त्यावरच डावा हात टेकवून त्यांनी चहाचा कप तळाकडून धरला होता. तळाकडून, कारण त्या कपाला कान नव्हता.

तो कप बघून माझे पाय थांबले. एका घरात तो मी त्यांना जातीपायी दिलेला पाहिला होता. या घरात तो त्यांना माझ्यामुळे मिळाला होता, त्यांच्या बापाच्या हातून.

सरांनी मला पाहिलं. डाव्या हातात गरम कप होता, म्हणून त्यांनी उजवा हात उचलला. तो हात खांद्याच्या वर गेलेला मी सहा वर्षांत कधी पाहिला नव्हता. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. आबांकडे वळून ते काहीतरी म्हणाले.

आबांची मान वळायच्या आत मी मागे सरलो आणि वळणाआड झालो. करवंदीच्या जाळीतून एकदाच पाहिलं. आबांनी पुन्हा पाठ फिरवून दोर हातात घेतला होता. सरांचा हात अजून वरच होता.